पहिलं पाणी

पिंपळापुरे मॅडमच्या कुलरची मोटार जळली, तेव्हा
पारा सेहेचाळीसवर. खामल्याची गल्ली अशी सामसूम
की नालीत पसरलेलं कुत्रंही मान वर करीना.
तार गुंडाळता गुंडाळता माझी नजर
त्यांच्या कपाटाकडे जाऊन राहिली होती.
त्यांनी ते पाहिलं.

"वाचता का?"
"पेपर वाचतो. क्रिकेटचं पान."
"आणखी?"
"रेटलिस्ट."

चारशे झाले होते. पाचशेची नोट. माझ्याजवळ सुटे नाहीत.
म्हणाल्या, "शंभर राहू द्या तुमच्याकडे,
आणि हेही घेऊन जा. दोन्ही सोबतच परत आणा."
जाडजूड पुस्तक, शिवण उसवलेली,
एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.
"अभिजात आहे," त्या म्हणाल्या.
हा शब्द मी चौकातल्या फ्लेक्सवर वाचला होता,
खाली अकरा फोटो, हात जोडलेले.
मी विचारलं, "म्हणजे जातीचं असते का काही याच्यात?"
त्या हसल्या.
मग हसायच्या थांबल्या.
पाणी प्यायल्या, आणि मीच विषय बदलला.

रात्री गच्चीवर गादी टाकली, मोबाइलचा टॉर्च लावला.
एक वाक्य सुरू झालं ते पान उलटलं तरी सरेना,
क्रियापद कुठं म्हणून शोधत गेलो, तर ते पार तळाशी,
टाकीत पडलेल्या नटासारखं.
मामा कोण, मेहुणा कोण, कोणाची जमीन कोणाकडे,
आणि सगळे एकमेकांना 'आपण' म्हणून बोलतात,
भांडतानासुद्धा.
निर्गुणा म्हणाली, "काहून, परीक्षा देऊन राहिले का?"
तिसऱ्या रात्री पुस्तक तोंडावर पडलं, झोप लागली.
नाकाला अजून खूण आहे.

आठ दिवसांनी परत करायला गेलो, शंभर रुपयांसकट.
"नाही जमत मॅडम. माझ्या डोक्याचं नाही हे."
त्यांनी विचारलं, "नवा वाळा लावला
की पहिलं पाणी कसं येतं?"
"पिवळं. वास मारते."
"मग काय करता? कुलर फेकता?"
"फेकतो कशाला? सांडू देतो. दोन टाक्या जाऊ देतो."
त्या काहीच बोलल्या नाहीत,
अंबाडीचं सरबत करायला आत गेल्या.
शंभराची नोट टेबलावर तशीच होती.
मी ती परत खिशात घातली.

म्हणून सांडू दिलं.
मामा, मेहुणा, जमीन, सगळं वाहून गेलं तर जाऊ दे,
एकोणचाळीस पानं पिवळी गेली.
बेचाळिसाव्या पानावर एक म्हातारा
भावाच्या दारात उभा राहून हाका मारतो.
आत दिवा आहे. दार उघडत नाही.
तो ओट्यावर बसतो, जोडा काढतो, त्यातला खडा झटकतो,
जोडा पुन्हा घालतो आणि बसूनच राहतो.
एवढंच. दीड पान.
माझा भाऊ इतवारीत राहतो. सात वर्षं झाली.
मी गादीवर उठून बसलो.
निर्गुणानं विचारलं, "काय झालं?"
म्हटलं, "काही नाही, डास."

हे लिहिणारा मरून शंभरावर वर्षं झाली,
त्याला इतवारी कुठं माहीत,
आणि तो खडा कसा माहीत?

आता पान एकशे बारा. समासात
कुणाचं तरी बारीक शिसपेन्सिलीतलं अक्षर:
'इथवर. ताप आहे. ९ जून ६१.'
त्याच्यापुढं कोरं.
ताप उतरला का, पुढं वाचलं का, कळायला मार्ग नाही.
फोन वाजला. मनीषनगर, पंखा जाम, घरात बाळंतीण.
खूण म्हणून फ्यूजची तार घातली,
मग कानावरची पेन्सिल काढली.
दुसऱ्याच्या पुस्तकात लिहावं का, दोन मिनिटं विचार केला,
आणि त्या अक्षराखाली हलक्या हातानं लिहिलं,
खोडता येईल असं:
'इथवर. मनीषनगरला जाऊन येतो.'

भावाचा नंबर आहे मोबाइलमध्ये.
अजून लावला नाही.